घरच्या संगणकावर सोर्स कंट्रोल सर्व्हर : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत : आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचा इतिहास जपणारा सर्व्हर स्वतःच्याच संगणकावर बसवता येईल का, आणि तो कसा बसवावा. त्यांतील निवडक पत्रांना या अंकात सविस्तर उत्तरे दिली आहेत. सर्व्हर बसवणे हे फार तर तासाभराचे काम असते. त्याआधी तो खरोखर हवा आहे का हे ठरवणे, आणि बसवल्यावर त्यातले काम केव्हाही परत मिळेल अशी तजवीज करणे, या दोन गोष्टींकडे मात्र पत्रलेखकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून उत्तरांत त्यांवर अधिक भर आहे. कमांड येथे देवनागरीत छापल्या आहेत; संगणकावर त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात.

प्रश्न : मी दुकानदारांसाठी हिशेबाचे छोटे सॉफ्टवेअर एकटाच तयार करतो. प्रत्येक बदलानंतर संपूर्ण फोल्डरची प्रत काढून तिला तारखेचे नाव देण्याची माझी पद्धत आहे. आता अशा फोल्डरांचा ढीग झाला असून कोणत्या दुकानात कोणती आवृत्ती चालू आहे, हे खात्रीने सांगता येत नाही. एका मित्राने सोर्स कंट्रोल सर्व्हर बसवण्याचा सल्ला दिला आहे. कोणता बसवावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याला सोर्स कंट्रोलची निश्चित गरज आहे, सर्व्हरची मात्र नाही. मित्राचा सल्ला एके काळी योग्यच होता. सीव्हीएस आणि त्यानंतर २००० साली सुरू झालेले सबव्हर्जन या प्रणालींमध्ये सगळा इतिहास एका मध्यवर्ती ठिकाणी राहतो आणि कमिट करायचे, म्हणजे बदल इतिहासात नोंदवायचा, तर त्या ठिकाणापर्यंत पोहोचावेच लागते. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहायला घेतले, कारण तोवर वापरात असलेल्या बिटकीपर या व्यावसायिक प्रणालीची मोफत सवलत काढून घेण्यात आली होती. गिटमध्ये ही मध्यवर्ती जागेची सक्ती राहिली नाही. प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे प्रतीमध्ये, संपूर्ण इतिहास असतो, म्हणून एकट्याने काम करणाऱ्याला आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ ही एक कमांड दिली की पुरते. पार्श्वभूमीला सतत चालणारी सेवा, पोर्ट, पासवर्ड यांतले काहीही लागत नाही.

आपली खरी अडचण कोणत्या दुकानात काय चालू आहे, ही आहे. तिचे उत्तर टॅगमध्ये, म्हणजे एखाद्या कमिटला दिलेल्या कायमच्या नावामध्ये, आहे. दुकानात सॉफ्टवेअर बसवून देताना त्या क्षणीच्या कमिटला ‘गिट टॅग -ए’ ने आवृत्तीचा क्रमांक द्यावा आणि सोबतच्या संदेशात दुकानाचे नाव व तारीख लिहावी. पुढे त्या दुकानातून तक्रार आली, तर ‘गिट स्विच --डिटॅच’ आणि त्या टॅगचे नाव एवढे दिले की त्या दिवशीचा कोड जसाच्या तसा समोर येतो. तारखांची जुनी फोल्डरे टाकून देऊ नयेत. सर्वांत जुन्या फोल्डरापासून सुरुवात करून एकेकाचा मजकूर रिपॉझिटरीत, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या फोल्डरात, ठेवावा आणि ‘--डेट’ या पर्यायाने मूळ तारीख देऊन कमिट करत जावे. प्रत्येक वेळी आधीच्या सर्व फाइली काढून मगच पुढच्या ठेवाव्यात, नाहीतर मधल्या काळात रद्द केलेल्या फाइली इतिहासात जिवंत राहतील. फक्त ‘डॉट गिट’ या लपलेल्या फोल्डराला हात लावू नये, कारण सगळा इतिहास त्यातच असतो.

एवढ्याने इतिहास मिळाला, पण सुरक्षितता मिळाली नाही, कारण डिस्क बिघडली तर कोड आणि इतिहास दोन्ही एकदमच जातील. त्यासाठी वेगळ्या डिस्कवर, शक्यतो बाहेरून जोडायच्या डिस्कवर, ‘गिट इनिट --बेअर’ ने एक रिपॉझिटरी तयार करावी, ‘गिट रिमोट अॅड’ ने तिचा पत्ता आपल्या कामाच्या रिपॉझिटरीला द्यावा आणि रोज काम संपताना पुश करावे, म्हणजे नवे कमिट तिकडे पाठवावेत. टॅग साध्या पुशबरोबर जात नाहीत. त्यांच्यासाठी ‘गिट पुश --टॅग्ज’ वेगळे द्यावे लागते. ‘बेअर’ हा शब्द गाळू नये. बेअर रिपॉझिटरीत फक्त इतिहास असतो, उघडलेल्या फाइली नसतात. साध्या रिपॉझिटरीत जी ब्रांच (कामाची शाखा) उघडलेली असते, तिच्यावर बाहेरून पुश केल्यास गिट नकार देते, आणि तो नकार रास्त असतो, कारण तेथे उघड्या असलेल्या फाइली आणि नव्याने आलेला इतिहास यांचा मेळ राहिला नसता.

बाहेरच्या डिस्कवर आणखी एक संदेश हमखास भेटतो, ज्यात ‘ड्युबियस ओनरशिप’ असे शब्द असतात. एप्रिल २०२२ मध्ये सुरक्षेसाठी गिटमध्ये असा बदल झाला, की रिपॉझिटरीचे फोल्डर ज्याच्या मालकीचे आहे तोच वापरकर्ता कमांड देत नसेल, तर गिट काम करण्यास नकार देते. पेन ड्राइव्हवर बहुधा असणाऱ्या फॅट किंवा एक्सफॅट मांडणीत फाइलीच्या मालकाची नोंदच नसते, म्हणून हा संदेश येतो. डिस्क आपलीच असेल, तर संदेशाच्या खाली गिटनेच सुचवलेली ‘सेफ डॉट डिरेक्टरी’ची ओळ चालवावी. त्या ओळीत फोल्डराच्या जागी तारांकन घालून ‘सगळेच सुरक्षित’ असे सांगण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो मानू नये.

वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांसारख्या आपोआप जुळणी करणाऱ्या फोल्डरांत चालती रिपॉझिटरी ठेवू नये. गिट एका कमिटच्या वेळी अनेक छोट्या फाइली ठराविक क्रमाने लिहिते, आणि जुळणी करणाऱ्या सेवेला तो क्रम ठाऊक नसतो. दोन संगणकांवरून एकाच वेळी काम झाले, तर ब्रांचची नोंद ठेवणाऱ्या फाइलीच्याच दोन प्रती होऊन बसतात. अशा सेवेत प्रत ठेवायचीच असेल, तर ‘गिट बंडल क्रिएट’ ने संपूर्ण इतिहासाची एकच फाइल तयार करावी आणि ती तेथे ठेवावी. त्या फाइलीवरून पुढे थेट क्लोनही करता येते.

प्रश्न : आम्ही तिघे मिळून एका सदनिकेतून सॉफ्टवेअरचे काम करतो. ग्राहकाशी झालेल्या करारानुसार त्याचा कोड बाहेरच्या कोणत्याही सेवेवर ठेवता येत नाही. आमच्याकडे विंडोज ११ असलेला, ८ जीबी मेमरीचा एक डेस्कटॉप रिकामा आहे. ब्राउझरमधून कोड पाहता यावा, एकमेकांचे बदल तपासता यावेत, असा सर्व्हर त्यावर बसवायचा आहे. गिटलॅब बसवावा की अन्य काही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या बाबतीत सर्व्हर हवाच. गिटलॅबचा सर्व्हर विंडोजवर थेट चालत नाही, त्याला लिनक्स लागते. आणि ८ जीबी मेमरीच्या यंत्रावर आभासी लिनक्स चालवून त्यात तो बसवला, तर रडतखडत चालेल. तीन माणसांसाठी एवढ्या मोठ्या यंत्रणेची आवश्यकताही नाही. गिटी हा मुक्त स्रोत सर्व्हर आपल्याला योग्य ठरेल. गॉग्स या प्रकल्पातून २०१६ च्या अखेरीस तो वेगळा झाला. गो भाषेत लिहिलेली एकच चालती फाइल, असे त्याचे स्वरूप आहे, आणि रास्पबेरी पायसारख्या लहान यंत्रावरही तो व्यवस्थित चालतो.

आधी त्या डेस्कटॉपवर गिट बसवावे, कारण गिटी आतून त्याचाच वापर करतो. नंतर सी ड्राइव्हवर ‘गिटी’ नावाचे फोल्डर करून प्रकल्पाच्या अधिकृत स्थळावरून उतरवलेली फाइल त्यात ‘गिटी डॉट ईएक्सई’ या सुटसुटीत नावाने ठेवावी आणि कमांड प्रॉम्प्टवरून ‘गिटी वेब’ असे चालवावे. त्याच यंत्राच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या पत्त्याच्या, ३००० क्रमांकाच्या पोर्टवर मांडणीचे पान उघडते. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट निवडावा. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही आणि तिघांच्या कामाला तो पुरून उरतो.

त्या पानावर ‘बेस यूआरएल’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यात आधीपासूनच लोकलहोस्टचा पत्ता भरलेला असतो. बहुतेकांची पुढची डोकेदुखी या एका रकान्यातून निर्माण होते. तो तसाच राहू दिला, तर प्रत्येक रिपॉझिटरीच्या पानावर क्लोन करण्यासाठी दाखवला जाणारा पत्ताही लोकलहोस्टचाच येतो. आणि सहकाऱ्याने तो आपल्या लॅपटॉपवर चिकटवला, की त्याचा लॅपटॉप स्वतःमध्येच सर्व्हर शोधू लागतो. म्हणून तेथे डेस्कटॉपचा नेटवर्कमधला पत्ता, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी आणि पोर्ट, लिहावा. हा आयपी राउटर वाटून देतो, त्यामुळे तो बदलू शकतो. राउटरच्या मांडणीत जाऊन या यंत्रासाठी तो कायमचा राखून ठेवावा. रकाना चुकीचा भरला गेला असेल, तर ‘अॅप डॉट इनी’ या फाइलीत ‘रूट यूआरएल’ ही ओळ बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करावा.

त्याच पानाच्या तळाशी व्यवस्थापकाचे खाते तयार करण्याची सोय मिटलेल्या अवस्थेत असते. ती उघडून खाते तेव्हाच तयार करावे. ते केले नाही, तर पुढे जो कोणी पहिल्यांदा नोंदणी करेल त्याला व्यवस्थापकाचे सर्व अधिकार आपोआप मिळतात. नंतर नोंदणी बंद करावी आणि तिघांची खाती व्यवस्थापकाने स्वतः उघडावीत. तिघांत मिळून एकच खाते वापरण्याचा मोह आवरावा, कारण कोणाला काय पुश करता येईल आणि कोणी कोणता बदल मंजूर केला, याची नोंद खात्यांवरच चालते.

यानंतर सर्व्हरची विंडोज सेवा करावी. ‘गिटी वेब’ची काळी खिडकी उघडी ठेवून काम भागते, परंतु विंडोजने रात्री स्वतःला अद्ययावत करून यंत्र पुन्हा सुरू केले, की कोणी लॉगिन करेपर्यंत सर्व्हर बंदच राहतो. व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘एससी डॉट ईएक्सई क्रिएट’ या कमांडने सेवा तयार होते. तिच्यात ‘स्टार्ट’ आणि ‘बिनपाथ’ या शब्दांनंतरच्या बरोबरच्या चिन्हापुढे एक रिकामी जागा सोडावी लागते. ती सुटली नाही, तर कमांड चालत नाही. सेवा विंडोजच्या लोकल सिस्टिम खात्यावर चालणार असल्याने ‘अॅप डॉट इनी’मधील ‘रन यूजर’ या ओळीत संगणकाचे नाव आणि त्याच्या शेवटी डॉलरचे चिन्ह लिहावे. शिवाय यंत्राचे स्लीप पूर्णपणे बंद करावे.

दुसऱ्या लॅपटॉपवरून पान उघडत नसेल, तर पहिला संशय फायरवॉलवर घ्यावा. विंडोज डिफेंडर फायरवॉलमध्ये ३००० या पोर्टासाठी आत येणारा नियम तयार करावा आणि तो फक्त ‘प्रायव्हेट’ प्रकारच्या नेटवर्कपुरता ठेवावा. सदनिकेतले वायफाय विंडोजने ‘पब्लिक’ म्हणून नोंदवले असेल, तर नियम असूनही पान उघडणार नाही. अशा वेळी नियम सैल करण्याऐवजी नेटवर्कचा प्रकार बदलावा. या मांडणीत पासवर्ड आणि कोड नेटवर्कवरून उघड्या स्वरूपात जातात, म्हणून पाहुण्यांना आणि ग्राहकांना त्याच वायफायचा पासवर्ड देऊ नये. बहुतेक राउटरांत गेस्ट नेटवर्कची सोय असते, ती द्यावी. ग्राहकाचा करार कडक असल्यास गिटीमधला अंतर्गत एसएसएच (माहिती सांकेतिक स्वरूपात नेणारा) सर्व्हर सुरू करून क्लोन आणि पुश त्यावरूनच करावेत, आणि ब्राउझरसाठी एचटीटीपीएसची व्यवस्था करावी.

आता बॅकअपविषयी. तिघांच्या लॅपटॉपवर क्लोन आहेत, मग वेगळा बॅकअप कशाला, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण क्लोनमध्ये फक्त कोड आणि त्याचा इतिहास असतो. तक्रारींची नोंद, बदल तपासताना झालेली चर्चा, खाती, परवानग्या हे सर्व सर्व्हरच्या डेटाबेसमध्येच राहते, आणि कामाच्या दृष्टीने ती चर्चा पुष्कळदा कोडइतकीच मोलाची असते. ‘गिटी डम्प’ ही कमांड रिपॉझिटऱ्या, डेटाबेस आणि मांडणीच्या फाइली यांची मिळून एक झिप फाइल तयार करते. डेटाबेस आणि रिपॉझिटऱ्या यांच्यात विसंगती राहू नये यासाठी डम्प घेताना सेवा थांबवावी. टास्क शेड्युलरमधून पहाटे सेवा थांबवणे, डम्प घेणे, सेवा सुरू करणे आणि झिप बाहेरच्या डिस्कवर नेणे ही सर्व कामे आपोआप होतील असे करता येते. डिस्का दोन घ्याव्यात आणि आळीपाळीने वापराव्यात. एक नेहमी सदनिकेबाहेर, तिघांपैकी कोणाच्या तरी घरी असावी.

या झिपमधून सर्व्हर पुन्हा उभा करणारी एक कमांड मात्र गिटीत नाही. झिप उघडून फाइली हातांनी जागच्या जागी ठेवाव्या लागतात. म्हणून प्रसंग ओढवण्याआधीच एखाद्या जुन्या लॅपटॉपवर ती तालीम करून पाहावी, आणि केलेली प्रत्येक पायरी कागदावर लिहून ठेवावी. तालमीत एक गोष्ट हटकून आढळते : नव्या यंत्रावर सर्व्हर वेगळ्या फोल्डरात ठेवला, तर पाने नीट दिसतात, पण पुश अयशस्वी होते. प्रत्येक रिपॉझिटरीतील हुक नावाच्या छोट्या फाइलींत गिटीचा जुना संपूर्ण पत्ता लिहिलेला असतो, हे त्याचे कारण. ‘गिटी अॅडमिन रीजनरेट हुक्स’ दिले की त्या फाइली नव्याने तयार होतात. ज्या बॅकअपमधून एकदाही सर्व्हर उभा करून पाहिलेला नाही, त्याच्या भरवशावर मी ग्राहकाचा कोड ठेवणार नाही, आणि आपणही ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी आवृत्ती आली की सेवा थांबवून, डम्प घेऊन, जुन्या ईएक्सईच्या जागी नवी ठेवावी. डेटाबेस पहिल्या सुरुवातीच्या वेळी आपोआप नव्या रचनेत जातो. एकदा तो तसा गेला, की जुनी ईएक्सई पुन्हा ठेवून माघार घेता येत नाही. डम्प आधी घ्यायचा तो यासाठी.

प्रश्न : आमच्या कारखान्यात यंत्रांची कंट्रोल पॅनेल बनतात. पीएलसीचे (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकांचे) प्रोग्रॅम आणि ऑटोकॅडची ड्रॉइंग यांच्या आवृत्त्या सांभाळायच्या आहेत. गिट वापरून पाहिले, पण दोघांनी एकाच ड्रॉइंगमध्ये बदल केले की कोणाचे तरी काम वाया जाते. सबव्हर्जन आता जुने झाले म्हणतात. ते घ्यावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अवश्य घ्यावे. सबव्हर्जन जुने आहे, पण सोडून दिलेले नाही. २०१० पासून ते अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. दोघांनी केलेले बदल एकत्र गुंफणे मजकुराच्या फाइलींत शक्य असते, ड्रॉइंगच्या फाइलींत नसते. अशा ठिकाणी एका वेळी एकानेच फाइल हाताळावी, हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठीची कुलपाची सोय सबव्हर्जनमध्ये मुळातच आहे. ड्रॉइंगच्या फाइलींना ‘एसव्हीएन : नीड्स-लॉक’ हा गुणधर्म लावला, की त्या प्रत्येकाच्या संगणकावर केवळ वाचण्यापुरत्या उघडतात. कुलूप मिळवल्यावरच त्यांत बदल करता येतो, आणि दुसरा माणूस तेच कुलूप मागू लागला तर ते कोणाकडे आहे, हे त्याला कळते. आधी काम करून मग भांडण मिटवण्याची वेळच येत नाही.

विंडोजवर दोन वाटा आहेत. व्हिज्युअलएसव्हीएन सर्व्हर बसवल्यास व्यवस्थापनाची खिडकी आणि एचटीटीपीएस दोन्ही आयते मिळतात. नेटवर्कची फारशी माहिती नसलेल्यांनी हाच मार्ग धरावा. दुसरी वाट सबव्हर्जनबरोबरच मिळणाऱ्या ‘एसव्हीएनसर्व्ह’ची. ‘एसव्हीएनअॅडमिन क्रिएट’ ने रिपॉझिटरी तयार केली की तिच्या ‘कॉन्फ’ फोल्डरात ‘एसव्हीएनसर्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल येते. त्या फाइलीतल्या पर्यायांच्या ओळींपुढे हॅशचे चिन्ह आणि एक रिकामी जागा असते. हॅश काढताना ती रिकामी जागाही काढावी. ती राहिली, तर सर्व्हर ‘ऑप्शन एक्स्पेक्टेड’ एवढाच त्रोटक संदेश देऊन थांबतो आणि माणूस तासभर पासवर्ड तपासत बसतो. ‘अॅनॉन-अॅक्सेस’ समोर ‘नन’ लिहावे, अन्यथा पासवर्डशिवाय कोणालाही सगळे वाचता येते. ‘पासडब्ल्यूडी’ या फाइलीत पासवर्ड साध्या अक्षरांत असतात, म्हणून तेथे बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड कोणीही वापरू नये. सर्व्हरचे पोर्ट ३६९० असते.

रिपॉझिटरीचे फोल्डर नेटवर्कवर शेअर करून सर्वांना थेट त्यावर काम करू देऊ नये, कारण मग कोणालाही ते फोल्डर चुकून पुसता येते. बॅकअपसाठी ‘एसव्हीएनअॅडमिन हॉटकॉपी’ वापरावी. तिच्यासाठी सर्व्हर थांबवावा लागत नाही. बॅकअपच्या प्रतीवर अधूनमधून ‘एसव्हीएनअॅडमिन व्हेरिफाय’ चालवावे. सबव्हर्जनमध्ये कोणाच्याही संगणकावर पूर्ण इतिहास नसतो, त्यामुळे येथे बॅकअप हाच एकमेव आधार आहे.

प्रश्न : घरी गिटी बसवला असून घरातल्या वायफायवर तो उत्तम चालतो. बाहेरगावाहून तो उघडावा यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी सर्व्हरकडे वळवण्याची सोय) केले, तरी उघडत नाही. काय चुकले असेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले काही चुकले नसण्याचीच शक्यता अधिक आहे. राउटरच्या मांडणीत ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता, पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर आपली इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक आयपी वाटून वापरत आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. आपल्या राउटरच्याही पलीकडे कंपनीचे एक यंत्र पत्ते बदलत असते, आणि त्यावर आपला नियम चालत नाही. काही कंपन्या जादा शुल्क घेऊन स्थिर आयपी देतात.

स्थिर आयपी मिळाला, तरी सर्व्हरचे पोर्ट इंटरनेटवर थेट उघडे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. उघड्या पोर्टांचा शोध घेणारे प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात आणि अद्ययावत करायचा राहून गेलेला घरगुती सर्व्हर त्यांना लगेच सापडतो. वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या तंत्रावर आधारलेले खासगी नेटवर्क वापरावे. टेलस्केलसारख्या सेवेत घरचा संगणक आणि आपला लॅपटॉप दोन्ही नोंदवले, की पोर्ट फॉरवर्डिंग न करता आणि वर सांगितलेल्या वाटून घेतलेल्या आयपीची अडचण न येता ते एकमेकांना दिसतात. त्यानंतर ‘रूट यूआरएल’मध्ये त्या नेटवर्कवरील नाव लिहावे.

प्रश्न : काम चालू असताना वीज गेली. त्यानंतर गिट ‘ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी’ असे दाखवून थांबते. सर्व्हर म्हणून वापरत असलेल्या संगणकावरच हे झाले आहे. इतिहास गेला का?
— एक वाचक, बीड

उत्तर : घाबरू नये. बहुतेक वेळा फक्त शेवटचे काही कमिट बाधित झालेले असतात. फाइलीचे नाव डिस्कवर लिहिले गेले, पण मजकूर मेमरीतून डिस्कवर पोहोचण्याआधी वीज गेली, म्हणून शून्य आकाराची फाइल मागे राहिली. काहीही दुरुस्त करण्याआधी संपूर्ण रिपॉझिटरीची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. नंतर ‘गिट एफएसके --फुल’ चालवून किती फाइली बिघडल्या आहेत ते पाहावे.

आपल्या किंवा सहकाऱ्याच्या दुसऱ्या संगणकावर चांगला क्लोन असेल, तर सर्वांत निर्धोक उपाय असा : सर्व्हरवर नवी बेअर रिपॉझिटरी तयार करावी आणि ज्याच्याकडे सर्वांत ताजा क्लोन आहे त्याने ‘गिट पुश --ऑल’ व ‘गिट पुश --टॅग्ज’ या कमांड देऊन ती भरावी. ‘--ऑल’ ने त्या संगणकावर स्वतःच्या असलेल्या ब्रांचच जातात, म्हणून इतरांनीही आपापल्या ब्रांच पुश कराव्यात. ‘--मिरर’ हा पर्याय येथे वापरू नये; तो क्लोनमधल्या सर्व अंतर्गत नोंदीही सर्व्हरवर उतरवतो आणि त्या क्लोनमध्ये नसलेल्या ब्रांच सर्व्हरवरून पुसतो.

यूपीएस घ्यावा. केवळ इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नये, कारण वीज जाण्याच्या क्षणी काही इन्व्हर्टरांना पुरवठा बदलण्यास एवढा वेळ लागतो, की तेवढ्यात संगणक बंद पडतो. गिट २.३६ पासून ‘कोअर डॉट एफसिंक’ या मांडणीने कोणत्या फाइली डिस्कवर पक्क्या उतरल्याशिवाय पुढे जायचे नाही, हे ठरवता येते. सर्व्हरच्या यंत्रावर तिची किंमत ‘ऑल’ ठेवावी. पुश किंचित मंदावेल, पण आपल्याकडे वीज वारंवार जात असेल, तर ते सोसावे.

प्रश्न : आमच्या रिपॉझिटरीत फाइलींची नावे मराठीत आहेत. ‘गिट स्टेटस’मध्ये ती नावे आकड्यांच्या रांगेसारखी दिसतात. शिवाय एका फोल्डरात ‘दुसऱ्या तिमाहीचा अहवाल’ या एकाच नावाच्या दोन फाइली दिसू लागल्या आहेत. हे कसे शक्य आहे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिल्या अडचणीचे उत्तर एका ओळीचे आहे. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर डॉट कोटपाथ फॉल्स’ असे दिले की नावे देवनागरीत दिसू लागतात. इंग्रजीपलीकडची अक्षरे गिट मूळ मांडणीत संकेतांकांनी दाखवते. साठवलेले नाव मात्र व्यवस्थितच असते.

दोन फाइलींचे कोडे ‘ऱ्या’मध्ये आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिले जाते. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘य’ असा क्रम लिहितात. काही कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह आणि ‘य’ असा क्रम लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु गिट आणि विंडोज यांच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. एका सहकाऱ्याने एका कीबोर्डवर, दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवर तेच नाव टंकले असणार. कोणती फाइल ठेवायची ते दोन्ही उघडून ठरवावे, दुसरी ‘गिट आरएम’ ने काढावी आणि यापुढे सर्वांनी एकच कीबोर्ड मांडणी वापरावी. कोणाकडे मॅक असेल, तर तेथे ‘ऱ’ हे एक अक्षर ‘र’ आणि खालचा नुक्ता असे फोडूनही साठवले जाऊ शकते. त्या यंत्रावर ‘कोअर डॉट प्रीकंपोजयुनिकोड’ चालू असल्याची खात्री करावी. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा प्रश्न त्याने सुटत नाही, तेथे कीबोर्डच बदलावा लागेल.